फॉरमॅट मारण्याआधी

शनिवारी सकाळी लोणावळ्याच्या तुंगार्लीतल्या किंवा पवनेच्या काठावरच्या एखाद्या बंगल्यात आठवडाभर बंद असलेला लॅपटॉप उघडला जातो. पंखा घोंघावू लागतो, माउसचा बाण अडखळतो, ब्राउझर उघडेपर्यंत चहा होऊन जातो. मालक वैतागतात आणि 'याला आता फॉरमॅट मारायला हवा' असं ठरतं. रविवारी दुपारी मात्र तोच लॅपटॉप बऱ्यापैकी चालत असतो, पण तोवर मुंबईला परत निघायची वेळ झालेली असते.

यात लॅपटॉपचा काही दोष नाही. विंडोजची देखभालीची बरीचशी कामं मशीन चालू असताना आणि इंटरनेट मिळाल्यावरच होतात. अपडेट उतरवून बसवणं, डिफेंडरची तपासणी, शोधासाठी फायलींची सूची तयार करणं, वनड्राइव्हवरच्या फायली जुळवून घेणं, अशी ही यादी मोठी आहे. ऑफिसात रोज आठ-नऊ तास चालणारा कॉम्प्युटर ती जेवणाच्या सुट्टीत, कुणी कीबोर्डला हात लावत नसताना उरकून टाकतो. आठवड्यातून दीड दिवस उघडणाऱ्या लॅपटॉपला ती सवड कुठून मिळणार? तुंबलेली सगळी कामं तो पहिल्याच तासात काढतो आणि नेमकं त्याच तासात तुम्हाला बुकिंगचे मेल बघायचे असतात. यावरचा उपाय फुकटचा आहे. बंगल्याची देखभाल करणाऱ्या माणसाला सांगून शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप चार्जरला आणि वायफायला जोडून, झाकण उघडं ठेवून, तास-दोन तास नुसता चालू ठेवायचा. फॉरमॅट मारला असता तर सगळी अपडेट पुन्हा पहिल्यापासून उतरवावी लागली असती, म्हणजे पुढचे काही शनिवार आणखी वाईट गेले असते.

फॉरमॅट हा आपल्याकडे कॉम्प्युटरवरचा सरसकट उपाय होऊन बसला आहे. डिस्क पुसायची, विंडोज नव्याने टाकायची, लागतील तेवढे प्रोग्राम पुन्हा बसवायचे. दुरुस्ती करणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्यात गैर काही नाही. निदान करत बसायला तास-दीड तास लागेल की दिवस, हे आधी सांगता येत नाही. फॉरमॅटला लागणारा वेळ मात्र ठरलेला असतो. शिवाय मशीन परत मिळतं तेव्हा ते खरोखर हलकं झालेलं असतं, कारण वर्षानुवर्षं साठलेले, मशीन सुरू होताच उठून बसणारे प्रोग्राम त्यात नसतात. गिऱ्हाईक खूश होतं. महिन्या-दोन महिन्यांत सगळं परत साठतं आणि दरम्यान कुणाचे तरी लग्नाचे फोटो किंवा संस्थेचे हिशेब कायमचे गेलेले असतात. मूळ दुखणं डिस्कचं, उष्णतेचं किंवा विजेचं असेल, तर ते फॉरमॅटने जागचं हलतही नाही.

मावळातल्या माणसाला याचं कारण समजायला सोपं आहे, कारण तो घाटाच्या तोंडाशी राहतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सहा पदरी, जुना महामार्ग चार पदरी. खंडाळ्याच्या घाटात दोन्ही एकत्र येतात आणि दहा पदरांची वाहतूक सहा पदरांत कोंबली जात आली. लाँग वीकएंडला गाड्या तिथेच तुंबत आल्या. अशा वेळी वडगावजवळ आणखी दोन पदर वाढवून उपयोग नाही, गाडीचं इंजिन बदलूनही नाही. रुंदी वाढवायची ती घाटातच. म्हणून तर खोपोलीपासून लोणावळ्याजवळच्या कुसगावपर्यंत बोगदे आणि पूल बांधून 'मिसिंग लिंक' करण्याचा खटाटोप झाला. कॉम्प्युटरमध्येही काम प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क अशा चार ठिकाणांहून जातं. कुठल्याही एका वेळी त्यातलं बहुधा एकच अडलेलं असतं आणि बाकीची तीन त्याची वाट बघत रिकामी बसलेली असतात. ज्याने घाट ओळखला नाही, तो चुकीच्या ठिकाणी पैसे घालतो. डिस्क अडलेली असताना रॅम वाढवणारे आणि इंटरनेट मंद असताना नवा लॅपटॉप घेणारे लोक कमी नाहीत.

घाट ओळखायला काही विकत घ्यावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. डेव्ह प्लमर नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रामरने १९९०च्या दशकात तो लिहिला आणि आजही निदानाची सुरुवात तिथूनच होते. त्यातल्या 'परफॉर्मन्स' या पानावर चारही ठिकाणांचे आलेख असतात. तो कधी उघडायचा, हे महत्त्वाचं. मशीन झकास चालत असताना उघडून काही कळत नाही. ते अडलेलं असतानाच बघायचं आणि लगेच निष्कर्ष न काढता मिनिटभर थांबायचं, कारण क्षणभर वर जाऊन खाली येणारा आलेख निरोगी मशीनमध्येही दिसतो. शंभरला चिकटून बसलेला आलेख तो तुमचा घाट.

जुन्या मशीनमध्ये हा आलेख बहुतेक वेळा डिस्कचा असतो. आणि इथे लोक हमखास बुचकळ्यात पडतात. वर '१०० टक्के' लिहिलेलं असतं, पण खाली वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा एमबी. एवढंसं काम आणि शंभर टक्के व्यस्त? दोन्ही आकडे खरे असतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात आणि त्यावर एक छोटं डोकं पुढेमागे सरकतं. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी तबकडी एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवा तो तुकडा डोक्याखाली येईपर्यंत सरासरी चार मिलिसेकंद जातात. डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. वाचनाच्या एका विनंतीला बारा-तेरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी विनंत्या पुऱ्या होतात. प्रत्येक विनंती चार केबीची असेल तर हिशेब होतो सेकंदाला सुमारे ३०० केबी. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कचा आकडा याहून कमी. तीच डिस्क एखादा मोठा सिनेमा सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते, कारण तेव्हा डोक्याला इकडेतिकडे पळावं लागत नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होते तेव्हा ती सिनेमा वाचत नाही. हजारो बारीक फायली डिस्कभर विखुरलेल्या असतात, त्या वेचत ती उभी राहते. त्यातच अपडेट आणि व्हायरसची तपासणी चालू झाली की डोकं नुसतं धावत राहतं आणि तुम्ही बघत राहता.

एसएसडी या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नसतं. एका विनंतीला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, म्हणजे सेकंदाला हजारो, चांगल्या एसएसडीवर लाखो विनंत्या. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वीच्या मशीनमधली फिरती डिस्क काढून साधी साटा जोडणीची एसएसडी बसवली की मशीन नवं झाल्यासारखं वाटतं. प्रोसेसर तोच, रॅम तीच, अडलेला घाट तेवढा मोकळा झालेला असतो. माझ्या मते जुन्या कॉम्प्युटरवर करायच्या खर्चात याच्या जवळपास येणारा दुसरा खर्च नाही. जुनी डिस्क टाकून देऊ नका. स्वस्त खोक्यात बसवली की यूएसबीवर चालते आणि फोटोंची दुसरी प्रत ठेवायला कामी येते, अर्थात तब्येत ठीक असेल तर.

तब्येत कळते स्मार्ट नावाच्या नोंदींवरून. प्रत्येक डिस्क स्वतःच्या बिघाडांची डायरी ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम ती वाचून दाखवतो. त्यात निकामी म्हणून बाजूला टाकलेल्या आणि वाचता न आलेल्या तुकड्यांची संख्या असते. ती वाढती दिसली, किंवा डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला, तर वेग वाढवण्याच्या गप्पा तिथेच थांबवाव्यात. आधी डेटा दुसरीकडे घ्यायचा. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं किंवा तासन्‌तास दुरुस्तीची तपासणी चालवणं, दोन्हीही जीवघेणं ठरू शकतं.

डिस्क ठीक असूनही ती शंभरला चिकटत असेल, तर संशय मेमरीवर घ्यायचा. १९६२ साली मँचेस्टरमध्ये चालू झालेल्या ॲटलस या कॉम्प्युटरने एक युक्ती जगाला दिली. मेमरी अपुरी पडली की तिच्यातले सध्या न लागणारे भाग आपोआप मागच्या साठवणीत ढकलायचे, लागले की परत आणायचे. प्रोग्रामला वाटतं की मेमरी भरपूर आहे. युक्ती उत्तम, पण तिला एक मर्यादा आहे आणि तिचा नीट खुलासा पीटर डेनिंग यांनी १९६८ साली केला. प्रत्येक प्रोग्रामला ठरावीक काळात सतत लागणारा असा मेमरीचा एक भाग असतो. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामच्या या भागांची बेरीज खऱ्या मेमरीपेक्षा मोठी झाली की मशीन ढकलाढकलीतच गुंतून पडतं. एकाचा भाग आणायला दुसऱ्याचा बाहेर टाकावा लागतो आणि दुसऱ्या क्षणी तोच परत हवा असतो. वेग हळूहळू कमी होत नाही, तो एकदम कोसळतो. आपल्या बोलीत 'हँग झाला' म्हणतात त्यातले बरेच प्रकार हेच असतात.

चार जीबी रॅमच्या मशीनवर विंडोज ११ टाकली तर हा कोसळण्याचा बिंदू फार जवळ येतो. मायक्रोसॉफ्टची किमान अट चार जीबीचीच आहे, पण किमान अट म्हणजे ती चालू होईल एवढंच आश्वासन. निम्म्याहून जास्त मेमरी तिची तीच खाते. त्यावर ब्राउझर आला की संपलं. क्रोम २००८मध्ये आला तेव्हापासूनच तो वेगवेगळ्या टॅबसाठी वेगवेगळी प्रक्रिया चालवतो. एक पान कोसळलं तरी बाकीची वाचतात, हा त्यामागचा फायदा, आणि किंमत मेमरीत मोजावी लागते. सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रावर एकीकडे उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, दुसरीकडे सातबारा, तिसरीकडे व्हॉट्सॲप वेब, चौथीकडे स्कॅन केलेली पीडीएफ, असे वीस टॅब दुपारपर्यंत सहज साठतात. तिथे आठ जीबी रॅम ही चैन नाही. पण टास्क मॅनेजरमध्ये मेमरी साठ-सत्तर टक्के भरलेली दिसली म्हणून घाबरू नये. रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच कामाची नसते, विंडोज तिच्यात पुढे लागतील अशा फायली आधीच आणून ठेवते. मेमरी नव्वदच्या वर आणि त्याच वेळी डिस्कही शंभरला, ही जोडी दिसली तर रॅम वाढवा.

प्रोसेसरचा आलेख शंभरला असेल तर 'प्रोसेसेस' पानावर सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करायचं म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येतो. कधी तो एखादा अडकलेला प्रिंटरचा प्रोग्राम असतो, कधी एकाच मशीनवर बसवलेले दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या मागावर असतात. दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा हा गैरसमज आहे. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. आणि कधी तो क्रॅक केलेल्या विंडोज किंवा ऑफिसबरोबर फुकट आलेला पाहुणा असतो, जो तुमच्या विजेवर दुसऱ्या कुणासाठी क्रिप्टो चलन शोधत बसतो. त्यातले काही इतके बेरकी असतात की टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात. पंखा जोरात फिरतोय आणि टास्क मॅनेजर उघडला की शांत होतो, असं वारंवार झालं तर संशय घ्यायला जागा आहे. हा एक प्रसंग असा, जिथे मीसुद्धा फॉरमॅटच सुचवीन, आणि तोही अधिकृत ठिकाणाहून उतरवलेल्या विंडोजने.

आता पावसाकडे येऊ, कारण त्याच्याशिवाय लोणावळ्यातल्या कुठल्याच यंत्राची गोष्ट पुरी होत नाही. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात चार हजारांच्या वर. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग डेस्कटॉपच्या उघड्या जाळीच्या डब्यात काय होत असेल? उन्हाळ्यात आत गेलेली धूळ पावसाळ्यात ओल धरते आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. हवा आरपार जात नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. बाहेर धुकं, अंगावर स्वेटर आणि मशीन मात्र तापून मंदावलेलं, हे कुणाला खरंही वाटत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'स्पीड' असं लिहिलेलं असतं. भरपूर काम चालू असताना तो आकडा तिथेच दिलेल्या मूळ वेगापेक्षा सतत बराच खाली राहत असेल, तर सॉफ्टवेअर चाळत बसू नका. ब्लोअर मारून घ्या, लॅपटॉप जुना असेल तर थर्मल पेस्ट बदलून घ्या आणि तो गादीवर ठेवून वापरू नका.

ओलाव्याचा दुसरा फटका रॅमच्या सोनेरी दातांना बसतो. मशीन चालू होतं, बीप-बीप करतं, पडदा काळाच. जुना कारागीर रॅम काढून तिचे दात खोडरबराने हलके पुसतो आणि परत बसवतो. हसू येण्यासारखा उपाय आहे, पण खरा आहे. संपर्कावरचा मळ निघतो आणि काम होतं. वीज काढून आणि स्वतःच्या हाताला धातूचा स्पर्श करून मगच तो करायचा, एवढी खबरदारी हवी. वापर नसला तरी पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवावं, हा सल्लाही असाच अनुभवातला. आतली ऊब ओल धरू देत नाही.

आणि लाइट. वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांच्या पाण्यावर खोपोलीत १९१५पासून वीज तयार होते आणि ती मुंबईला जात आली. त्याच लोणावळ्यात आषाढातल्या एका वाऱ्यात फांदी तारेवर पडते आणि सगळीकडे अंधार. डेस्कटॉप लिहिण्याच्या मधोमध बंद पडला तर काय होतं? विंडोजची एनटीएफएस ही फाइल पद्धत आपण काय बदलतोय याची आधी नोंद करते, त्यामुळे डिस्कची एकूण मांडणी सहसा वाचते. पण त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती तिची हमी कुणी देत नाही, मग ती बिलिंगची असो वा खुद्द विंडोजची. असे झटके बसलेलं मशीन कुठलीच तक्रार नेमकी न सांगता विचित्र वागायला लागतं. अशा वेळी फॉरमॅटच्या आधी करण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. चेकडिस्क ही आज्ञा डिस्कची मांडणी तपासते. डिझम विंडोजचा मूळ फायलींचा साठा मायक्रोसॉफ्टकडून दुरुस्त करून घेते. एसएफसी त्या साठ्याशी ताडून बिघडलेल्या सिस्टिम फायली बदलते. डिझम आधी, एसएफसी नंतर, आणि दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये. आणि या सगळ्याच्या आधी एक छोटा यूपीएस. दहा मिनिटं तग धरणारा पुरतो, काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता.

विजेशीच जोडलेलं आणखी एक दुखणं फार फसवं आहे. मशीन चालू होतं, बाकी सगळं चालतं, पण सरकारी संकेतस्थळं, बँक, मेल, काहीच उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, जोडणी सुरक्षित नाही. कोपऱ्यातली तारीख बघितली तर कित्येक वर्षांपूर्वीची. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी असते. ती मशीन बंद असतानाही घड्याळ चालू ठेवते. ती संपली की लाइट गेल्यावर तारीख मागे पडते आणि संकेतस्थळाचं प्रमाणपत्र मशीनला 'अजून लागूच न झालेलं' वाटतं. डिजिटल सहीदेखील याच कारणाने अडते. घड्याळाच्या दुकानात मिळणारी ती बॅटरी बदलायला पाच मिनिटं लागतात. यासाठी विंडोज नव्याने टाकून घेणारे लोक आहेत, आणि टाकल्यावर पुढच्या वेळी लाइट गेली की तारीख पुन्हा मागे पडते.

चौथा घाट नेटवर्कचा. आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात डोंगराच्या एका वळणापलीकडे मोबाइलची रेंज अर्धी होते. तिथे 'कॉम्प्युटर स्लो झालाय' याचा अर्थ पुष्कळदा 'पान उघडत नाही' एवढाच असतो. ओळखायची खूण सोपी आहे. नोटपॅड किंवा डिस्कवरची एखादी पीडीएफ झटकन उघडते का? उघडत असेल तर मशीन निर्दोष. मग दुसरं एखादं मोठं संकेतस्थळ उघडून बघायचं. ते उघडलं आणि फक्त हवं ते पोर्टलच अडलं, तर 'सर्व्हर डाऊन आहे' हे तालुक्याच्या कचेऱ्यांमध्ये नेहमी कानावर येणारं वाक्य त्या वेळी खरं असतं आणि तुमच्या मशीनला काही करून उपयोग नाही.

कॉम्प्युटरविषयीच्या लोककथांचंही थोडं बघितलं पाहिजे. डेस्कटॉपवर उजवी कळ दाबून चार-पाच वेळा 'रिफ्रेश' मारणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. त्याने पडद्यावरची चित्रं पुन्हा रेखाटली जातात, बाकी तसूभर फरक पडत नाही. मेमरी साफ होते ही निव्वळ समजूत. प्रीफेच नावाच्या फोल्डरमधल्या फायली उडवणं तर उलट अंगाशी येतं. प्रोग्राम लवकर उघडावा म्हणून विंडोजने ठेवलेल्या त्या नोंदी असतात, त्या गेल्या की पुढच्या वेळी प्रोग्राम जास्त वेळ घेतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामपासून दूर राहावं, मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. डीफ्रॅग हे फिरत्या डिस्कचं औषध होतं. एसएसडीवर त्याची गरज नाही, तिथे विंडोज वेगळी योग्य ती देखभाल आपोआप करते.

या यादीत एक समजूत मात्र अशी आहे जी कधीकाळी बरोबर होती आणि आता राहिली नाही. 'बंद करून चालू करा.' विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. बहुतेक मशीनवर शटडाऊन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. साहजिकच कालचं अडकलेलं ड्रायव्हर आजही अडकलेलंच. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'अप टाइम' बघा. रोज रात्री मशीन बंद करणाऱ्याच्या पडद्यावरही तिथे पंधरा-वीस दिवस दिसू शकतात. खरी नवी सुरुवात 'रीस्टार्ट'ने होते, किंवा शिफ्ट दाबून धरत शटडाऊन केल्याने.

मशीन मंद नसून अधूनमधून बंदच पडत असेल, निळा पडदा दाखवत असेल, तर 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधून उघडावी. दिवसागणिक काय कोसळलं याची ती नोंदवही आहे. लाल फुल्या कुठल्या तारखेपासून सुरू झाल्या ते बघायचं आणि त्या दिवशी काय बदललं ते आठवायचं. नवा प्रिंटर, नवं ड्रायव्हर, अपडेट? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हाही त्यासाठी डिस्क पुसायची गरज नव्हती. मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरांवर चालू करायचं आणि ती एक फाइल उडवायची, एवढाच उपाय होता. तुमच्याही मशीनला सेफ मोड आहे. तिथे ते सुरळीत चालत असेल तर दुखणं बहुधा नंतर बसवलेल्या एखाद्या गोष्टीत असतं. मग एकेक गोष्ट बंद करत, प्रत्येक वेळी रीस्टार्ट करून बघत जायचं. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

राहता राहिली जुनी मशीन. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि २०१७च्या आधीची बहुतेक मशीन विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. प्रोसेसरची पिढी किंवा टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, कुठल्या ना कुठल्या बाजूने ती अडतात. सुरक्षेची अपडेट मिळत नसलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. ज्यांचं काम ब्राउझर, मेल आणि लेखनापुरतं आहे, त्यांनी अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम जरूर बघावी. मिंट चार जीबी रॅमवर नीट चालते, मराठी टायपिंगही होतं, आणि पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन वापरणाऱ्या सेवा केंद्रांनी मात्र घाई करू नये. आपल्या यंत्राचं सॉफ्टवेअर तिथे चालतं का, ते आधी विचारून घ्यावं.

दुकानात मशीन न्यायचंच असेल, तर दोन गोष्टी घरून करून न्या. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. आणि मशीन अडलेलं असताना टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानाचा मोबाइलवर फोटो काढा. तो फोटो काउंटरवर ठेवा आणि विचारा, यातलं काय अडलंय? जो फोटो बघून उत्तर देईल त्याच्याकडे मशीन ठेवा. जो न बघताच फॉरमॅट म्हणेल, त्याच्याकडून ते परत घ्या.